अंकल पै आणि कौसल्येचा प्रश्न

चांगली डिग्री, नावाजलेल्या कंपनीत नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. हे सगळं सोडून एका माणसाने मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायचं ठरवलं. तोपर्यंत त्याचा असा एक प्रयत्न साफ फसलेलाही होता. पण तो थांबला नाही म्हणून तुमच्या-आमच्या बालपणात कृष्ण, शिवाजी, सुप्पंडी आणि शिकारी शंभू आले. अनंत पै या माणसाच्या करिअरची ही गोष्ट.

सुप्पंडी आठवतोय? नक्कीच आठवत असेल. ऑफिसमध्ये एखाद्याने बॉसचं म्हणणं शब्दशः घेऊन घोळ घातला, की आजही कुणीतरी पटकन म्हणतं, "अरे, हा तर आपला सुप्पंडी!" आणि ट्रेकवर सगळ्यात आधी पळ काढणारा, तरी शेवटी फोटोत हिरो म्हणून झळकणारा मित्र? तो शिकारी शंभू. ज्यांचं लहानपण सत्तरच्या दशकानंतर कधीही गेलंय, त्यांच्या बोलण्यात ही मंडळी घरातल्यासारखी येतात. रेल्वे स्टेशनवरचा बुकस्टॉल, मे महिन्याची सुट्टी, खिडकीची जागा आणि हातात 'अमर चित्रकथा'. याहून भारी कॉम्बिनेशन तेव्हा नव्हतं.

या सगळ्यामागे जो माणूस होता त्याला देशभरातली पोरं 'अंकल पै' म्हणायची. गंमत म्हणजे हे 'अंकल' स्वतः चित्रकार नव्हते. ते केमिकल टेक्नॉलॉजी शिकलेले होते.

केमिस्ट्रीवाला मुलगा

अनंत पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ चा, कर्नाटकातल्या कारकळचा. घरची भाषा कोकणी. दोन वर्षांचे असतानाच आई-वडील दोघंही गेले आणि नातेवाइकांनी त्यांना वाढवलं. बाराव्या वर्षी ते मुंबईला आले. माहीमच्या ओरिएंट स्कूलमध्ये शाळा झाली, मग विल्सन कॉलेज, आणि पुढे मुंबई विद्यापीठातून केमिकल टेक्नॉलॉजी. आजच्या भाषेत सांगायचं तर एकदम 'सेफ' प्रोफाइल. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या बाजारात, दोन्हीकडे चालणारं.

पण या मुलाचं डोकं छपाईच्या शाईत अडकलेलं होतं. १९५४ मध्ये त्यांनी 'मानव' नावाचं मुलांचं मासिक काढून पाहिलं. ते चाललं नाही. पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह म्हणून लागले. 'आपल्याला हे जमत नाही' असं म्हणून गप्प बसायला एवढं कारण कुणालाही पुरलं असतं.

टाइम्समध्ये मात्र त्यांना एक वेगळीच शाळा मिळाली. १९६४ च्या मार्चमध्ये तिथे 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झालं आणि त्यातून फँटम, म्हणजे आपला वेताळ, भारतातल्या घराघरांत पोचला. या उपक्रमात पै होते. भारतातल्या मुलाला चित्रांची गोष्ट कशी आवडते, ती कुठे विकली जाते, कोणत्या किमतीला पालक खिशात हात घालतात, हे सगळं ते तिथे जवळून बघत होते. एमबीएच्या भाषेत याला मार्केट रिसर्च म्हणतात. त्यांच्यासाठी ते रोजचं काम होतं. फक्त एक गोष्ट त्यांना खटकत असावी. माल खपत होता, पण त्यातलं जंगल आफ्रिकेचं होतं आणि हिरो अमेरिकेत तयार झालेला होता.

दिल्लीतलं दुकान, दुकानातला टीव्ही

फेब्रुवारी १९६७. पै दिल्लीत होते. महाराजा लाल अँड सन्स या पुस्तकांच्या दुकानात दूरदर्शनवरची मुलांची प्रश्नमंजूषा लागली होती आणि ते उभे राहून बघत होते. ग्रीक देवांबद्दल प्रश्न आला, मुलांनी फटाफट उत्तर दिलं. मग प्रश्न आला, रामाच्या आईचं नाव काय? कुणालाच सांगता आलं नाही.

पुढे अंकल पैंनी हा किस्सा मुलाखतींमधून इतक्या वेळा सांगितला की तो 'अमर चित्रकथे'ची जन्मकथाच होऊन बसला. पण किस्सा म्हणून सोडून देण्यासारखा तो नाही. ती मुलं मठ्ठ नव्हती. उलट हुशारच होती, चांगल्या शाळेतली होती, ग्रीक देव पाठ असणारी होती. त्यांना कौसल्या माहीत नव्हती, कारण ते नाव त्यांच्या कानावर घालणारं घरात कुणी उरलं नव्हतं. शहरातलं घर लहान झालं होतं, आजी गावाला राहिली होती, आई-बाबा कामात होते. ही गोष्ट सांगणाऱ्या माणसाची जागा रिकामी आहे, हे पैंच्या लक्षात आलं.

मुंबईत परतल्यावर त्यांनी कल्पना प्रकाशकांकडे नेली. पुराणातल्या आणि इतिहासातल्या गोष्टी, पण कॉमिक्सच्या रूपात. नकार पचवल्यावर इंडिया बुक हाउसचे जी. एल. मिरचंदानी हो म्हणाले. पैंनी टाइम्सची नोकरी सोडली. वय होतं ३७-३८. ज्या वयात आपल्यातले बहुतेक जण होम लोनचे हप्ते मोजत असतात, त्या वयात.

पहिला अंक अकरावा!

'अमर चित्रकथे'ची यादी काढलीत तर एक गंमत दिसेल. 'कृष्ण' या पहिल्या गाजलेल्या अंकाचा क्रमांक ११ आहे. मग पहिले दहा कुठे गेले? ते 'सिंड्रेला' वगैरे पाश्चात्त्य परीकथांचे होते आणि इंडिया बुक हाउसच्या बंगळुरू ऑफिसमधून कन्नड भाषेत निघाले होते. तिथले जी. के. अनंतराम यांचं म्हणणं असं, की स्थानिक भाषेत चित्रकथा काढायची मूळ कल्पना १९६५ मध्ये त्यांची होती. यशाला बाप अनेक असतात, आणि इथे तर दोघांच्याही नावात 'अनंत' आहे! कल्पनेचं श्रेय कुणाचं यावर वाद होऊ शकतो. पण पुढची चाळीस वर्षं ती कल्पना ओढून नेणारा माणूस कोण, यावर होऊ शकत नाही.

'कृष्ण' पैंनी स्वतः लिहिला आणि चित्रं काढली राम वाईरकर यांनी. त्यानंतर शकुंतला, पांडव, सावित्री, राम, नल-दमयंती अशी रांगच लागली. प्रत्येक अंक साधारण बत्तीस पानांचा. विज्ञान शिकलेल्या पैंसमोर पहिल्याच अंकात पेच होता, चमत्कारांचं काय करायचं? सुरुवातीच्या 'कृष्ण'मध्ये त्यांनी ते हात राखून दाखवले, नंतरच्या आवृत्तीत मोकळेपणाने आणले. वाचकाला काय हवंय हे ओळखून स्वतःचं मत बाजूला ठेवणं, हे त्यांना तेव्हाच जमायला लागलं होतं. ते चांगलं की वाईट, हे पुढे बघूच.

सुरुवातीची वर्षं खप रडतखडत होता. शाळा दारात उभं करत नव्हत्या. 'कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात' हे वाक्य तेव्हाच्या शिक्षकांचं लाडकं होतं, जसं नंतर टीव्हीबद्दल आणि आता मोबाइलबद्दल आहे. पैंनी याला दोन उत्तरं दिली. एक, 'कॉमिक्स' हा शब्दच टाळला आणि 'चित्रकथा' म्हणायला लागले. ब्रँडिंग यालाच म्हणतात ना? आणि दुसरं, शाळांना त्यांच्याच भाषेत पटवलं. १९७८ मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणात चित्रकथेचं स्थान काय, यावर परिसंवाद झाला. नेहमीच्या धड्यातून इतिहास शिकलेली मुलं आणि चित्रकथेतून शिकलेली मुलं यांची तुलना तिथे मांडली गेली. चित्रकथावाली मुलं पुढे होती. मग हळूहळू शाळांच्या लायब्रऱ्यांची दारं उघडली.

पै स्वतः सेल्समनसारखे फिरायचे. एडिटर असल्याचा तोरा नाही. स्वतःच्या प्रॉडक्टवर एवढा विश्वास असेल तर विकायला लाज कसली? पुढे वीसहून अधिक भाषा, चारशेहून अधिक शीर्षकं आणि कोट्यवधी प्रती इथपर्यंत ही गाडी गेली. मराठी तर त्यात होतीच.

कुंचला आपल्या माणसांचा

'अमर चित्रकथा' म्हटलं की पैंचं नाव येतं. पण पान उघडल्यावर आपण बघतो ती चित्रं, आणि ती काढणारे कितीतरी हात मराठी होते. हे आपल्याच लक्षात नसतं!

राम वाईरकरांचा 'कृष्ण' तर झालाच. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी ऐतिहासिक आणि पौराणिक अंकांना जो रुबाब दिला तो आजही ओळखू येतो. पुढे राज कॉमिक्सच्या नागराजचे बरेच अंकही त्यांनीच काढले. म्हणजे एकाच हाताने आपल्याला पुराणपुरुषही दिले आणि हिरव्या अंगाचा सुपरहिरोही. दिलीप कदम यांनी १९७९ मध्ये आलेला 'बाबासाहेब आंबेडकर' चितारला. शाळेच्या पाठ्यपुस्तकात बाबासाहेब एका परिच्छेदात उरकले जात होते, त्या काळात तहानलेल्या लहान भीमाला पाणी नाकारलं जातं हे चित्रात बघणं म्हणजे काय, याचा विचार करा. ते चित्र बघितलेल्या मुलाला 'अस्पृश्यता' या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागली नसेल.

१९८० मध्ये पैंनी 'टिंकल' काढलं. नावाचा किस्सा मस्त आहे. नव्या मासिकाचं काय करायचं यावर चर्चा चालली होती, मध्येच फोन खणखणला, आणि 'नंतर टिंकल देतो' म्हणजे फोन करतो, असं बोलणं झालं. झालं, नाव मिळालं! या मासिकातल्या गोष्टी बऱ्याचदा वाचकच पाठवत. सुप्पंडीचं मूळही तसंच आहे. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टीतून तो १९८३ मध्ये आला, आणि त्याला ते लांबुडकं डोकं आणि निरागस चेहरा दिला वाईरकरांनी. शिकारी शंभूची कल्पना लुईस फर्नांडिस यांची, पण डोळ्यांवर आलेली ती टोपी वसंत हळबे यांच्या हातची. 'कालिया' कावळा प्रदीप साठे यांचा, 'तंत्री द मंत्री' अशोक डोंगरे यांचा.

वाईरकर २००३ मध्ये गेले. त्यानंतर सुप्पंडी काढण्याचं काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी पुढे नेलं. वडिलांचा गाळा, वडिलांचं दुकान सांभाळणारी मुलं आपण खूप बघतो. वडिलांचा सुप्पंडी सांभाळणारी मुलगी मात्र विरळा!

पत्रं, पत्रं आणि पत्रं

अनंत पै आणि त्यांच्या पत्नी ललिता यांना स्वतःचं मूल नव्हतं. पण देशभरातून 'डिअर अंकल पै' अशी सुरुवात असलेली पत्रं पोत्याने यायची. परीक्षेची भीती, मित्राशी भांडण, 'सुप्पंडीचं लग्न कधी?' असे प्रश्न. उत्तरं जायची. ई-मेल नाही, चॅट नाही, आणि तरी एखाद्या छोट्या गावातल्या मुलाला मुंबईहून आपल्या नावाचं पत्र यायचं. त्या मुलासाठी ते काय असेल?

याच काळात पैंचं डोकं सतत पुढच्या गोष्टीत असायचं. १९६९ मध्ये त्यांनी 'रंगरेखा फीचर्स' काढलं. वर्तमानपत्रांना तयार चित्रपट्ट्या पुरवणारी ही कंपनी, लांब शेपटीच्या 'कपीश'ला तिनेच लोकांपर्यंत नेलं. १९७८ मध्ये मुलांच्या व्यक्तिमत्त्व विकासासाठी 'पार्थ' ही संस्था सुरू केली. आज गल्लोगल्ली पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लासेस दिसतात. हे गृहस्थ ती गोष्ट तेव्हा करत होते.

शिरड शहापूरच्या पोराला कौसल्या माहीत होती

आता थोडं थांबून एक दुसरा प्रश्न विचारू. १९६७ मध्ये तोच प्रश्न दिल्लीऐवजी हिंगोलीकडच्या शिरड शहापूरमध्ये विचारला असता तर? हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, परभणीतच होता. टीव्ही तर लांबच राहिला. पण रामाच्या आईचं नाव तिथल्या पोरांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कारण तिथे सप्ताह होते, कीर्तन होतं, भजन होतं, ओसरीवर बसलेली आजी होती.

हा सगळा भागच गोष्टींचा. जवळच औंढा नागनाथ, पलीकडे नर्सी, नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जायला सांगितलं तेव्हा नागनाथाचं देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट इथल्या मुलाला पुस्तकात वाचावी लागत नाही. ती हवेतच असते. आणि मजा अशी, की ती प्रत्येक वेळी थोडी वेगळी असते. एक कीर्तनकार देवळाच्या फिरण्यावर रंगतो, दुसरा नामदेवांना मागे पाठवणाऱ्यांवर कोरडे ओढतो, आणि आजी सांगते तेव्हा तिचा सगळा जीव त्या मागे बसलेल्या माणसात असतो.

अंकल पैंनी दिल्ली-मुंबईतल्या मुलांसाठी जी फट बुजवली, ती अशा गावांत तेव्हा नव्हतीच. आणि इथेच 'अमर चित्रकथे'वरच्या टीकेचा मुद्दा नीट कळतो. गोष्ट छापली की ती एकच होते. बत्तीस पानांत बसते तेवढीच उरते. मग कोणती गोष्ट निवडली, कुणाच्या बाजूने सांगितली, कुणाला गोरं दाखवलं आणि कुणाला काळं, हे फार महत्त्वाचं ठरतं. अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिली आहेत. नंदिनी चंद्रा यांचं २००८ मध्ये आलं, कार्लाइन मॅक्लेन यांचं २००९ मध्ये. राक्षस हमखास सावळे आणि दांडगे, देव गोरेपान किंवा निळे, नायिका नाजूक आणि पतिव्रता, आणि एकूण झुकाव उच्चवर्णीय हिंदू पुराणांकडे, हे आक्षेप आता जुने झालेत. पण ते खोटे नाहीत. लहानपणी आपण ते पानं उलटताना बघितलंच नाही, एवढंच. सावळ्या मुलीने मात्र ते बघितलं असणार.

दुसरी बाजूही आहे. याच मालिकेत चोखामेळा आले, तुकाराम आले, एकनाथ आले, ज्ञानेश्वर आले, बाबासाहेब आले. जयपूरच्या किंवा कोलकात्याच्या मुलाला तुकोबा कोण हे कळलं ते या अंकातून. पैंना देशातल्या एका भागाच्या गोष्टी दुसऱ्या भागापर्यंत पोचवायच्या होत्या, आणि ते त्यांनी केलं. एका माणसाच्या निवडीवर कोट्यवधी मुलांचा इतिहास उभा राहावा का, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. पण त्या काळात दुसरं कुणी हे करत नव्हतं, हेही विसरून चालणार नाही.

उतार आणि पुढचा हात

नव्वदच्या दशकात केबल आली आणि खेळ बदलला. त्याआधी 'रामायण' आणि 'महाभारत' दूरदर्शनवर दर रविवारी रस्ते ओस पाडून गेले होते. कार्टून चॅनेल सुरू झाल्यावर सुट्टीतल्या मुलाच्या हातात रिमोट आला. 'अमर चित्रकथे'च्या नव्या अंकांचा ओघ आटला, जुनेच पुन्हा छापले जाऊ लागले. 'इंद्रजाल' तर १९९० मध्येच बंद पडलं होतं.

२००७ मध्ये समीर पाटील यांनी उभ्या केलेल्या 'एसीके मीडिया'ने 'अमर चित्रकथा' आणि 'टिंकल' इंडिया बुक हाउसकडून विकत घेतलं. पाटील मॅकिन्झीत काम केलेले. एवढ्या मोठ्या करिअरमधून माणूस सुप्पंडीकडे वळतो, तेव्हा बिझनेस प्लॅनच्या मागे कुठेतरी मे महिन्याची सुट्टी असणारच! २०११ मध्ये कंपनीची सूत्रं फ्यूचर ग्रुपकडे गेली. पैंनी तोपर्यंत मुलांशी बोलणं सोडलेलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी २०११ ला दिल्लीत भारतातल्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये त्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. ज्या शहरातल्या मुलांना कौसल्या आठवली नव्हती, तिथेच. त्याच सुमारास पडून पाय मोडल्यामुळे ते आजारी होते. पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ८१. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला गुगलने त्यांच्या वाढदिवसाचं डूडल केलं. कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या कितीतरी जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आपल्या अंकल पैंचं पहिलं नाव अनंत होतं.

आता गोष्ट कोण सांगणार?

आज आपण हिंजवडीत, बीकेसीत, मगरपट्ट्यात आहोत. आपल्यातले कितीतरी जण शिरड शहापूरसारख्याच गावांतून आलेत. आपल्याला गोष्टी दोन्हीकडून मिळाल्या. सप्ताहातून मिळाल्या आणि एसटी स्टँडवर घेतलेल्या अंकातूनही. पण आपल्या फ्लॅटमधल्या पोरांकडे यातलं काय आहे? यूट्यूब आहे, तिथे कौसल्याही सापडेल. पण 'मग पुढे काय झालं?' असं विचारल्यावर थांबणारं कुणी आहे का?

अंकल पैंनी आजीची रिकामी जागा भरायला बत्तीस पानं दिली. ती उत्तम होती, पण ती आजी नव्हती आणि पैंनी तसा दावाही केला नाही. म्हणून या वीकेण्डला एक सोपं काम. घरातल्या किंवा शेजारच्या पोराला एक चित्रकथा आणून द्या. आणि ती वाचून झाली की त्याला सांगा, 'आमच्या आजीने हीच गोष्ट वेगळी सांगितली होती.' मग बघा, मोबाइल खाली ठेवला जातो की नाही ते!

(चौकट) कुणाचा हात, कुणाची ओळख

कृष्ण: लेखन अनंत पै, चित्रं राम वाईरकर. 'अमर चित्रकथे'चा अकरावा अंक, पण खऱ्या अर्थाने पहिला.

सुप्पंडी: 'टिंकल', १९८३. चित्रं राम वाईरकर, पुढे अर्चना आंबेरकर. सांगितलं ते तंतोतंत करणारा नोकर, म्हणून मालकाची रोज पंचाईत.

शिकारी शंभू: कल्पना लुईस फर्नांडिस, चित्रं वसंत हळबे. भित्रा, तरी प्रसिद्ध शिकारी. डोळे कायम टोपीखाली.

कालिया: चित्रं प्रदीप साठे. चमाटक कोल्हा आणि डूब-डूब मगर यांचे बेत रोज उधळणारा हुशार कावळा.

तंत्री द मंत्री: चित्रं अशोक डोंगरे. राजाला हटवायचा एकही डाव यशस्वी न झालेला मंत्री. ऑफिस पॉलिटिक्स करणाऱ्यांनी जरूर वाचावा!